लोडवारला मिशनवर जाणाऱ्यांसाठी

केनियाच्या वायव्य टोकाला तुर्काना काउंटी आहे. लोडवार हे तिथलं मुख्य गाव आणि १९७८ पासून कॅथलिक धर्मप्रांताचं ठिकाण. वसईतून आणि गोव्यातून तरुण धर्मगुरू, ब्रदर, सिस्टर आफ्रिकेत मिशनवर जातात. प्रार्थनेची, व्रतांची, त्यागाची तयारी सेमिनरीत, म्हणजे धर्मगुरू घडवणाऱ्या शाळेत, वर्षानुवर्षं चाललेली असते. पाणी कुठून येतं, परमिट कसा मिळतो, तिथली भाषा कानाला कुठे चकवते, हे मात्र तिथे पोचल्यावरच कळतं. तीन वर्षं पुरी करून परत आल्यावर, पुढे जाणाऱ्यांना उपयोग व्हावा म्हणून सगळं क्रमाने लिहून ठेवत आहे.

नेमणुकीचं पत्र जानेवारीत येतं. त्याच आठवड्यात पासपोर्ट काढून बघावा. किमान दोन वर्षांची मुदत आणि चार-पाच कोरी पानं शिल्लक नसतील तर आधी नवा करून घ्यावा. ३६ पानी पुस्तिकेला साधारण प्रक्रियेत १,५०० रुपये पडतात आणि मिशनऱ्याला ६० पानी पुस्तिकेची गरज सहसा लागत नाही. पोलीस क्लिअरन्स सर्टिफिकेट पासपोर्ट सेवेच्याच पोर्टलवरून मिळतं, फी ५०० रुपये. ते फार लवकर काढू नका, कारण सहा महिन्यांपेक्षा जुनं सर्टिफिकेट बहुतेक ठिकाणी चालत नाही. आधार कार्डावर एक आडनाव, बाप्तिस्म्याच्या दाखल्यावर दुसरं स्पेलिंग आणि पदवीवर तिसरं, ही आपल्या वसईकरांची नेहमीची अडचण. तिचा निकाल इथेच लावा. तिकडे गेल्यावर एका अक्षरासाठी महिना जातो.

केनियात मिशनऱ्याला ‘क्लास आय’ वर्क परमिट लागतो. धार्मिक आणि सेवाभावी कामासाठीचा हा वेगळा वर्ग आहे. अर्ज आपण करायचा नसतो. तिथली नोंदणीकृत संस्था, म्हणजे धर्मप्रांत किंवा आपल्या संघाची केनियातली शाखा, तो ऑनलाइन भरते. आपण फॉर्म २५ वर सही करून स्कॅन केलेली कागदपत्रं पाठवायची: पासपोर्ट, फोटो, पदवीची प्रमाणपत्रं, स्वतःची माहिती, पोलीस क्लिअरन्स आणि सुपिरियरचं, म्हणजे आपल्या संघाच्या प्रमुखाचं, पत्र. प्रत्येक फाइलला नाव नीट द्यावं. सगळ्यांना ‘स्कॅन ००१’ असं नाव असलेला गठ्ठा उघडून बघणाऱ्या माणसाचा विचार करा.

मग वाट बघणं. मार्चमध्ये अर्ज गेला आणि मंजुरी ऑगस्टमध्ये आली. पाच महिने हा काही अपवाद नव्हे. या काळात पर्यटक म्हणून आत जाऊन बसण्याचा मोह होतो, पण मंजुरी येईपर्यंत भारतात थांबणंच सोपं जातं. केनियाने जानेवारी २०२४ पासून व्हिसा बंद करून ई-टीए म्हणजे इलेक्ट्रॉनिक प्रवास-परवानगी सुरू केली. ती ऑनलाइन मिळते, खर्च ३० डॉलर आणि वर थोडं शुल्क. पण ती केवळ आत येण्यापुरती आहे. तिच्यावर काम करता येत नाही. मंजुरीचं पत्र हातात घेऊनच ई-टीएवर आत यावं आणि मग पासपोर्टवर परमिटचा शिक्का घ्यावा.

थांबण्याच्या या काळाबद्दल एकच सुचवतो. निरोप समारंभ तिकीट हातात आल्यावरच ठेवा. पॅरिशमध्ये शाल, श्रीफळ, भाषणं, आईचे अश्रू हे सगळं उरकलेलं असतं आणि त्यानंतर तीन महिने दर रविवारी मिस्सा, म्हणजे चर्चमधली उपासना, सुटल्यावर कुणी ना कुणी विचारतं, ‘‘फादर, अजून इथेच?’’ विचारणाऱ्याच्या मनात प्रेमच असतं, पण ज्याला विचारतात तो आतून झिजतो. शिवाय हातात काम नसतं, कारण इथली जबाबदारी दुसऱ्याला दिलेली असते. हे महिने स्वाहिली शिकायला, मोटर मेकॅनिककडे बसायला आणि चारचाकी चालवायचा सराव करायला वापरावेत. केनियात आपल्यासारखंच डाव्या बाजूने चालतात. आरटीओकडून १,००० रुपयांत मिळणारा आंतरराष्ट्रीय परवाना एक वर्ष चालतो, तोही घ्यावा.

याच काळात लस घ्यायची. यलो फिव्हरची लस केवळ मान्यताप्राप्त केंद्रांवर मिळते. मुंबईत सरकारी केंद्रात तिला सुमारे ३०० रुपये पडतात. एका कुपीत अनेकांचे डोस असतात आणि कुपी फोडली की काही तासांत संपवावी लागते, म्हणून केंद्रं ठरावीक दिवशी, आधी नाव नोंदवलेल्यांनाच बोलावतात. मूळ पासपोर्ट सोबत लागतो, कारण लशीच्या दाखल्याच्या पिवळ्या पुस्तिकेवर त्याचा क्रमांक लिहितात. अंड्याची ॲलर्जी असेल तर डॉक्टरांना आधीच सांगा. पुस्तिका दहा दिवसांनी वैध होते आणि २०१६ पासून ती आयुष्यभर चालते. ही पुस्तिका जाताना जितकी लागते, त्याहून जास्त परत येताना लागते. केनियातून भारतात उतरताना ती नसेल तर सहा दिवसांपर्यंत क्वारंटाइनमध्ये ठेवू शकतात.

सामान भरताना पहिली गोष्ट म्हणजे प्लॅस्टिकच्या कॅरीबॅग घरीच ठेवा. केनियात २८ ऑगस्ट २०१७ पासून त्यांवर बंदी आहे आणि दंड, तुरुंगवास दोन्हींची तरतूद आहे. आपल्याकडे चपला, लोणच्याची बाटली, ओले कपडे सगळं पिशवीत गुंडाळायची सवय असते. त्याऐवजी कापडी पिशव्या शिवून घ्या. कंपनीचं सीलबंद पाकीट चालतं. बाटलीमसाला चांगल्या झाकणाच्या स्टीलच्या डब्यात जातो. बी-बियाणं, ताजी फळं, रोपं नेऊ नयेत. प्लग आपल्यापेक्षा वेगळा, तीन चौकोनी पायांचा असतो. त्याचे दोन-तीन अडॅप्टर, हेडलॅम्प, बंद बूट आणि मिस्साच्या छोट्या संचासाठी धूळ न शिरणारी पेटी एवढं पुरे. कपडे तिथे मितुंबाच्या बाजारात, म्हणजे जुन्या कपड्यांच्या बाजारात, स्वस्तात मिळतात.

मुंबईहून नैरोबी थेट विमानाने सुमारे सहा तास. सप्टेंबरात पोचलं की पहिले दोन आठवडे कागदांचेच असतात. नव्वद दिवसांच्या आत परदेशी नागरिक म्हणून नोंदणी आणि बोटांचे ठसे द्यावे लागतात. सिमकार्ड पासपोर्टवर घ्यायचं आणि त्याच दिवशी एम-पेसा सुरू करायचं. २००७ पासूनची ही मोबाइलवरून पैसे पाठवायची सोय आता इतकी रुजली आहे की लोडवारच्या बाजारात टोमॅटो विकणारी बाईही तिच्यावर पैसे घेते. ‘पेसा’ म्हणजे आपला पैसाच. पैसे पाठवण्याआधी पडद्यावर घेणाऱ्याचं नाव येतं, ते मोठ्याने वाचायची सवय लावा. ‘चुकून तुमच्याकडे पैसे आले, परत पाठवा’ असा मेसेज आला तर आधी शिल्लक बघा. नैरोबीतून निघण्याआधी पार्कलँड्सच्या डायमंड प्लाझात एक फेरी मारावी, हिंग-मोहरीपासून सगळं तिथे मिळतं. या शहरात आपली माणसं फार आधी पोचलेली आहेत. १९०० साली नैरोबीत आलेले गोव्याचे डॉ. रोझेंदो रिबेरो झेब्र्यावर बसून रोग्यांकडे जात. रेल्वेच्या आणि सरकारी कचेऱ्यांत गोवेकर कारकुनांच्या पिढ्या गेल्या.

सप्टेंबर ते डिसेंबर, चार महिने, भाषेचे. हे महिने कापू नका. कामाची घाई असलेला सुपिरियर ‘तिथे गेल्यावर बोलता बोलता येईल’ म्हणतो. बाजारापुरती भाषा तशी येतेही. लोकांचा पापांचा कबुलीजबाब ऐकायला आणि मयताच्या घरी दोन वाक्यं बोलायला ती पुरत नाही.

मराठी माणसाला स्वाहिली एका बाजूने माहेरची वाटते. दुका म्हणजे दुकान, साबुनी म्हणजे साबण, हेसाबू म्हणजे हिशेब, बिमा म्हणजे विमा, रांगी म्हणजे रंग, लाकी म्हणजे लाख. माहिंदी म्हणजे मात्र मका. खरा घोटाळा नात्यांत होतो. बाबा वडीलच, पण मामा म्हणजे आई, काका म्हणजे भाऊ आणि दादा म्हणजे बहीण! कुणी ‘माझ्या दादाला ताप आहे’ म्हणालं की डोळ्यांसमोर पुरुषच उभा राहतो आणि झोपडीत जाऊन बघावं तर आजारी मुलगी. हे डोक्यात बसायला दोन महिने लागतात. व्याकरणात आपण शब्दाचा शेवट बदलतो, ते सुरुवात बदलतात: म्तू म्हणजे माणूस, वातू म्हणजे माणसं, किताबू एक, विताबू अनेक. जोर शेवटून दुसऱ्या अक्षरावर येतो. आपले ट, ड, ण जरा मऊ करावे लागतात. आणि ‘पिणे’ म्हणजे कुन्य्वा. त्यातला ‘व’ गिळला तर उरतो तो शौचाला जाण्याचा शब्द. यजमानीण चहा घेऊन समोर उभी असताना हा ‘व’ नीट उच्चारावा.

घड्याळाचं वेगळं सांगायला हवं, कारण त्याच्यामुळे मिस्सा चुकते. स्वाहिली दिवस सूर्योदयाला सुरू होतो. आपले सकाळचे सात म्हणजे त्यांचा ‘सा मोजा’, पहिला तास. मिस्सा ‘सा न्ने’ला, चार वाजता, असं सांगितलं तर ती सकाळी दहाला असते. सोपी युक्ती अशी की तास-काट्याच्या बरोबर समोरचा आकडा वाचायचा. इंग्रजीतून बोलताना तीच माणसं इंग्रजी वेळ सांगतात, तेव्हा कोणत्या भाषेत ठरलं हे लक्षात ठेवा. शंका आली तर सूर्य कुठे असेल ते हाताने दाखवायला सांगा, चूक होत नाही.

जानेवारीत लोडवार. नैरोबीच्या विल्सन विमानतळावरून छोटं विमान जातं, सामान साधारण १५ किलो. बाकीचं बसने किटालेला आणि तिथून सुमारे ३०० किलोमीटर खाली उतरत वाळवंटात. या रस्त्याने रात्री प्रवास करत नाहीत. दिवसा ३५-३७ अंश तापमान असतं आणि वर्षाचा पाऊस जेमतेम २०० मिलिमीटर. वसईत एवढा जुलैच्या एका आठवड्यात पडतो.

पाण्याचा हिशेब पहिल्याच दिवशी शिकावा लागतो. बोअरवेलचा पंप सौरऊर्जेवर चालतो, म्हणजे ऊन असेल तेव्हाच टाकी भरते. टाकी भरली की आधी पिण्याचं, मग स्वयंपाकाचं, मग शाळेचं, मग दवाखान्याचं, आणि शेवटी आपल्या अंघोळीचं. मोजमाप म्हणजे २० लिटरचा पिवळा जेरीकॅन, म्तुंगी. माणशी दिवसाला एक धरावा. त्यातलं पाच लिटर अंघोळीला, तेच पाणी फरशीला, आणि उरलं तर झाडाला. कुंपणाबाहेरच्या बायका कोरड्या नदीत, म्हणजे ‘लागा’त, वाळू उकरून वाटी-वाटीने जेरीकॅन भरत असतात. ते दिसत असताना मिशनचा नळ गळका ठेवणं हे पाप आहे असं माझं स्पष्ट मत आहे. वॉशरची पुडी कायम खिशात ठेवा. या पट्ट्यात अनेक ठिकाणी पाण्यात फ्लोराइड जास्त असतं आणि उकळल्याने ते जात नाही. नवी विहीर पिण्यासाठी वापरण्याआधी पाणी तपासून घ्यावं.

जेवण सोपं आहे. उगाली म्हणजे मक्याच्या पिठाचा घट्ट गोळा, त्याबरोबर सुकुमा विकी ही पालेभाजी. मूग तिथे न्देंगू या नावाने, चवळी कुंदे आणि तूर म्बाझी या नावाने मिळते, त्यामुळे डाळीवाचून कुणी अडत नाही. चपाती सणाला करतात, ती तेलात भाजलेली जाड असते. तुर्काना तळ्याचे सुके मासे मिळतात. वसईच्या माणसाला त्यांचा वास घरचा वाटेल.

आजारांत मलेरिया पहिला. तीन वर्षं प्रतिबंधक गोळ्या कुणी घेत नाही. मच्छरदाणी, संध्याकाळी पूर्ण बाह्या, आणि ताप आला की त्याच दिवशी रक्ततपासणी. आर्टेमेथर-ल्युमेफॅन्ट्रिनचा कोर्स ३५ किलोहून जास्त वजनाला चार गोळ्या सहा वेळा असा असतो: पहिला डोस, मग ८, २४, ३६, ४८ आणि ६० तासांनी. दुधाबरोबर किंवा तेलातुपाच्या खाण्याबरोबर घ्यायच्या, नाहीतर अंगी लागत नाहीत. दुसऱ्या दिवशी ताप उतरतो आणि माणूस उरलेल्या गोळ्या ठेवून देतो. चूक तिथेच होते. वाळूमाशीने पसरणारा काला आजारही या भागात आहे. लांबलेला ताप आणि फुगलेलं पोट दिसलं तर मलेरियावरच थांबू नका. कुत्र्यांमुळे होणारी हायडॅटिड गाठ तुर्कानात फार जुनी आहे, त्यामुळे कुत्र्याला हात लावला की साबणाने हात धुवायचा.

फुरशाला ओळखण्यात कोकणातला माणूस कमी पडणार नाही. त्याच जातकुळीचा साप तिथे वाळूत आणि लाकडांच्या ढिगात असतो. अंधारात टॉर्चशिवाय पाऊल टाकू नये, बूट झटकूनच घालावे, विंचवासाठीही हाच नियम. दंश झाला तर करकचून बांधू नका, अवयव हलू न देता दवाखाना गाठा. भारतातलं प्रतिविष सोबत नेण्यात अर्थ नाही, ते आपल्याकडच्या सापांसाठी बनवलेलं असतं.

मार्चपासून लांब पावसाचा काळ. याच महिन्यांत गाडीने घात होतो. मिस्सासाठी जायची मिशनची उपकेंद्रं दहा-पंधरा असतात, काही ६०-७० किलोमीटरवर, आणि वाटेत लागा आडवे येतात. आकाश निरभ्र असतं, पाऊस वर डोंगरात पडलेला असतो आणि कोरड्या पात्रात अचानक तपकिरी पाणी येतं. वाहत्या लागात गाडी घालू नये, मग पलीकडे लोक मिस्सासाठी थांबलेले का असेनात. बहुतेक वेळा काही तासांत पाणी ओसरतं. चटई, पाणी आणि पुस्तक गाडीत ठेवा. पाणी ओसरल्यावर आधी चालत जाऊन तळ तपासा. वाळूत टायरमधली हवा १८-२० पीएसआयपर्यंत उतरवायची आणि पक्क्या रस्त्यावर आल्यावर पुन्हा भरायची, म्हणून पंप हवाच. जॅकखाली ठेवायला जाड फळी हवी, नाहीतर जॅकच वाळूत जातो. स्टेपन्या दोन. आपल्याकडची वेडी बाभूळ तिथे माथेंगे नावाने सगळीकडे माजली आहे आणि तिचे काटे टायरमधून आरपार जातात.

उपकेंद्रात मिस्सा झाडाखाली होते. धर्मगुरू स्वाहिलीत बोलतो, कॅटेकिस्ट, म्हणजे स्थानिक धर्मशिक्षक, तेच तुर्काना भाषेत सांगतो. कॅटेकिस्ट हा मिशनचा खरा कणा आहे. आदल्या संध्याकाळी त्याच्याबरोबर बसून वाचनं आणि प्रवचनाचे मुद्दे बोलून घ्यावेत. प्रवचनात दोन वाक्यं बोलायची आणि थांबायचं. मेंढपाळाचा दाखला सांगायलाही लागत नाही, लोकच पुढचं सांगतात. पण शेळी ही जिथे घराची ठेव असते, तिथे शेवटच्या न्यायाच्या वेळी दोषींना शेळ्या म्हणून डावीकडे उभं करणारा बायबलमधला दाखला जपून घ्यावा लागतो. अर्पणाच्या वेळी कुणी जिवंत बकरी आणली तर ती नाकारू नका. दुष्काळात दिलेली ती बकरी त्या घराने काय मोजून दिली आहे हे कॅटेकिस्टला विचारा, तो सांगेल.

ज्या गोष्टीची कुणीच तयारी करून घेत नाही ती म्हणजे मागणं. केनियात शाळेचं वर्ष जानेवारीत सुरू होतं आणि फीसाठी दारात रांग लागते. औषध, बसभाडं, मयताची पेटी, मक्याचं पीठ. पहिल्या महिन्यात खिसा रिकामा होतो, दुसऱ्या महिन्यात चीड येते, आणि चिडलो याची लाज रात्री झोपू देत नाही. यातून वाट अशी निघाली की एकट्याने रोख पैसे द्यायचे नाहीत. कॅटेकिस्ट, सिस्टर आणि गावातली दोन वडीलधारी माणसं यांची छोटी समिती महिन्यातून दोनदा बसते, वहीत नोंद होते, फी शाळेच्या एम-पेसा क्रमांकावर थेट जाते. दवाखान्याचं काम असेल तर समितीसाठी थांबायचं नाही. ‘नाही’ म्हणताना बसून, हात हातात घेऊन म्हणायचं. दारात उभं राहून म्हणायचं नाही.

एकटेपणा पहिल्या नाताळात येईल असं वाटतं, पण तेव्हा गाणी आणि माणसं असतात. तो येतो फेब्रुवारीच्या एखाद्या दुपारी, नेटवर्क नसताना, वारा वाळू उडवत असताना. घरी फोनचा वार आणि वेळ ठरवून टाका. केनिया आपल्यापेक्षा अडीच तास मागे आहे. तिथे संध्याकाळी सहाला फोन केला तर वसईत साडेआठ वाजलेले असतात, रोझरी आटोपून सगळे एकत्र असतात. नेटवर्क नसण्याचा दिवस येणारच, तेव्हा फोन आला नाही तर काळजी करायची नाही हेही आधीच ठरवून ठेवा. आजारपण लपवू नका. आईला आवाजावरून कळतं.

तीन वर्षांनी सुट्टीवर येताना पिवळी पुस्तिका हातातल्या पिशवीत हवी. भारतात आल्यावर पुढचे काही महिने कधीही ताप आला तर डॉक्टरांना आधी सांगायचं की मी केनियातून आलो आहे.

निघण्याआधीचा शेवटचा आठवडा वहीसाठी ठेवा. पुढे येणाऱ्याला ती द्यायची असते. प्रत्येक उपकेंद्राचं अंतर, वाटेतले लागा आणि त्यांपैकी कोणता आधी भरतो, कॅटेकिस्टची नावं, त्यांच्या मुलांची नावं, कोणत्या घरात म्हातारं माणूस अंथरुणाला खिळलेलं आहे आणि त्याला कम्युनियन (मिस्सातला पवित्र प्रसाद) घरी न्यायचं आहे, पंपाच्या मेकॅनिकचा नंबर, वॉशरचं माप. समितीच्या हिशेबाचं पान उघडं ठेवून, शेवटच्या ओळीवर कॅटेकिस्टची सही घ्यायची.